दोनशे हात पाणी

मालवणच्या धक्क्याकडे उतरताना उजव्या हाताला,
बर्फाच्या कारखान्याला टेकून माझं दुकान.
बॅटऱ्या चार्ज करतो, वायरलेस उघडून बसतो,
जीपीएस विकतो. तेवीस वर्षं झाली.

पहिलं यंत्र आलं ते खात्याच्या साहेबासोबत.
शाळेच्या पडवीत टेबल, टेबलावर इस्त्रीचं फडकं,
साठ तांडेल, चहा, बिस्किटं.
बिस्किटं संपली. "बरा आसा," म्हणाले सगळे
आणि देवळाचा कळस डोंगराच्या खांद्यावर आणून
आपली जागा हेरायला निघून गेले,
बाप हेरायचा तशी.
यंत्र राहिलं माझ्या फळीवर, दोन वर्षं,
पत्र्याखाली उपग्रह शोधत.

मग शेवंती माहेरी आली. लवू कुबलाची बहीण,
देवगडात दिलेली.
बांगडे साफ करता करता भावजयीला म्हणाली,
"आमच्या ह्येंका आता काळोखात पण जाळा गावता."
बस. खवले उडत होते, लवू पाठमोरा बसून ऐकत होता.

सोमवारी लवू दुकानात. पुढच्या महिन्यात त्याचा साडू,
साडूचा भागीदार, भागीदाराचा मामेभाऊ.
उधारीचा धंदा, म्हणून वहीत एक रकाना होता:
कोणाच्या शब्दावर.
एकदा बंदीच्या दिवसांत, होड्या शाकारलेल्या,
गिऱ्हाईक नाही,
बसल्या बसल्या मी नावांमधून रेघा ओढल्या.
बाजार दिसेल असं वाटलेलं.
निघाली लग्नाची पंगत.
फक्त एक रेघ सगळ्या पंगती ओलांडून गेलेली,
इस्माईल मेस्त्रीची.
तो कोणाचाच सोयरा नाही,
पण इंजिनं सगळ्यांचीच खोकतात.

आता पैलवाडीचं सांगतो.
खाडी दोनशे हात. तिकडचा कुत्रा भुंकला
की इकडचा उत्तर देतो.
पण पालखीच्या मानावरून बिनसलं त्याला तीस वर्षं,
तेव्हापासून मुलगी देणं नाही, मीठ मागणं नाही.
इस्माईललाही ते बोलावत नसत;
त्याच्या हातांना ऐलवाडीचं तेल लागलेलं.
यंत्र वेंगुर्ल्याला गेलं, गोव्यात गेलं,
कारवारला पोचलं,
आणि तिथून एका खलाशाच्या पिशवीतून
पैलवाडीत उतरलं.
अकरा वर्षांनी.
फ्यूज उडाला म्हणून माझ्याकडे आणलं होतं,
बटणांवर कानडीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या.
"ह्या मशीन कारवारचा. हंय कोणाकडे नसतला."
मागच्या फळीवर चौदा होती.
मी वळून पाहिलं नाही. फ्यूज बदलून दिला.

यंत्र जातं, पॉइंट जात नाहीत, हेही सांगायला हवं.
कुठे खडक, कुठे बुडालेलं गलबत,
कुठे सरंगा थांबतो,
हे आकडे बायकोलाही सांगत नाही कोणी.
लवूनं जुनं यंत्र विकायला आणलं तेव्हा
समोर बसून राहिला. "आधी सगळा पूस, मगे इक."
एकशे त्रेचाळीस पॉइंट. एकेक करून पुसले.
शेवटच्या दहा-बाराला त्यानं मान फिरवली.

गेल्या वैशाखात लवूच्या मुलाचं लग्न झालं
पैलवाडीच्या सुगंधाशी.
खाडीवर नाही जुळलं ते, कुडाळच्या आयटीआयत,
वायरिंगच्या वर्गात.
दोन्हीकडचे म्हातारे जेवले, एकमेकांशी न बोलता.

आठवड्यानं सुगंधाचा बाप दुकानात आला.
खिशातून घडी घातलेला कागद काढला:
"व्याह्यांनी दिल्यानी. मशिनीत घाल."
सोळा अंश, दोन मिनिटं, आणि पुढचे दशांश.
मी आकडे ओळखले. मीच पुसले होते.

पैसे त्यानं रोख दिले, जामीन लागला नाही.
तरी रकाना मोकळा सोडवेना.
लिहिलं: सुगंधा.
तिला कोणी काही विचारलेलं नव्हतं.